दहा हजारांचं पाकीट

पत्र, थोडक्यात: मी सोलापुरात विजापूर रोडला एकटी राहते. निवृत्त शिक्षिका आहे. यजमान गेले, मुलगा बंगळूरला. दोनेक वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला शेजारच्या खाटेवर पूर्व भागातल्या एक पद्मशाली (तेलुगू विणकर समाजाच्या) बाई होत्या, बिडी कामगार. दोघींजवळही आपलं असं कुणी नव्हतं. एकमेकींच्या डोळ्यांत थेंब घालता घालता ओळख झाली. तेव्हापासून दर सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन आणि मग माझ्या गॅलरीत चहा. त्यांच्या घरात तेलुगू, त्यामुळे त्यांचं मराठी मी सुधारत असते. हल्ली बिड्या जास्त छाटल्या जातात, मजुरी कापतात, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या. म्हणून संक्रांतीला तिळगुळासोबत दहा हजारांचं पाकीट दिलं. त्यांनी घेतलं आणि येणंच बंद केलं. फोन केला की ‘काम हाय बाई’. मुलगा म्हणतो, पैसे मिळाले, काम झालं. तो म्हणतो ते खरं का? पैसे परत मागू का?

उत्तर:

बाई, पैसे उकळायला आलेलं माणूस पहिल्या पाकिटानंतर दिसेनासं होत नाही. दुसऱ्यासाठी उलट लवकर येतं. तुमच्या मुलाला बंगळूरहून फक्त आकडा दिसतोय, त्याचा फार दोष नाही. अगदी शक्यता म्हणून त्याचं खरं निघालं, तर दहा हजार गेले असं समजा. पण मला तसं वाटत नाही. मला वाटतं, त्यांना तुमच्यासमोर यायचा संकोच झालाय.

हजार बिड्या वळायला दिवस मोडतो. पानं भिजवायची, फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. एवढं करून कारखान्यात माल दिला की त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला, त्यांचे पैसे नाहीत. आणि हे सगळं मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी. अशा बाईच्या हातात तुम्ही न विचारता दहा हजार ठेवलेत. किती दिवसांची मजुरी झाली, हा हिशेब त्यांनी त्याच रात्री मांडला असणार. आता हे फिटेपर्यंत कुठल्या तोंडानं चहाला यायचं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात सिद्धेश्वर आहे, तुमची गॅलरी आहे, तुमचा चहा आहे. त्यांचं घर कुठेच नाही. इतक्या सोमवारांत तुम्ही एकदाही तिकडे गेला नाहीत, हो ना? चहा तुमचा, मराठी तुमचं, शेवटी पैसेही तुमचेच. त्यांनी तुम्हाला काय द्यावं, याला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. (आणि ते मराठी सुधारणं तेवढं सोडा. शिक्षिकेची खोड जात नाही, ठाऊक आहे. पण तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी एकाच दमात बोलणाऱ्या गावात साठीच्या बाईच्या ‘हाय’चं ‘आहे’ करून कुणाचं भलं होणार?)

तर आता तुम्ही जा. ‘येत्या सोमवारी मीच येते, पत्ता सांगा’ एवढंच फोनवर सांगा. त्यांनी टाळलं तर आठवड्यानं पुन्हा विचारा, तिसऱ्यांदा नको. विजापूर रोडहून पूर्व भागात, अशोक चौकाकडे रिक्षा मिळते, गुडघ्यांचं कारण चालणार नाही. साडी-बिडी, मिठाईचा पुडा काही नेऊ नका. त्या जे वाढतील ते खा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे आली तर दात दुखतात म्हणू नका, आमटीत कुस्करून खा. बसायला खुर्ची नसेल तर बिड्यांच्या सुपाशेजारी जमिनीवर बसा. काम चालू असेल तर चालू राहू दे.

पैशांचा विषय तुम्ही काढायचा नाही. मागायचे तर नाहीतच. पण त्यांनी काढला तर ‘अहो, राहू द्या’ म्हणून हात झटकू नका. त्या महिन्याला पाचशे देते म्हणाल्या तर पाचशे घ्या, दोनशे म्हणाल्या तर दोनशे. समोर मोजून घ्या. ते घेतलेत, की सोमवारी त्या ताठ मानेनं तुमच्या दारात येतील.

तुम्हाला मदतच करायची असेल तर तुमचा हात जिथे चालतो तिथे करा. बिडी कामगारांना प्रॉव्हिडंट फंड लागू आहे. दहा वर्षांची नोकरी नोंदीत भरली असेल तर 58व्या वर्षापासून पेन्शन मिळते. किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. आजच्या महागाईत ती तुटपुंजीच, पण आधारवर एक नाव आणि कारखान्याच्या नोंदीत दुसरं, अशानं तीही अडकून पडते. जन्म फॉर्म भरण्यात गेलेल्या बाईला हे काम जड नाही. फक्त त्यांनी कागद पुढे केले तरच हात लावा.

आणि तुम्हीही काहीतरी मागा. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाच्या मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो. सोलापुरात इतकी वर्षं काढून तुम्ही तो पूर्व भागात उभं राहून पाहिलाय का? त्यांना म्हणा, मला घेऊन जा, त्या गर्दीतलं मला काही कळत नाही. तिथे तुमचा हात धरून त्या पुढे चालतील, तुम्ही मागे.

मुलाला तुमच्या पेन्शनचा हिशेब द्यायचं काहीच कारण नाही. सोमवारी त्याचा फोन आलाच तर सांगा, बाहेर आहे, रात्री करते.