महिन्याला 500 रुपये आणि नवीन गाणी, माझा हिशोब

अरे पाचशे कमी नाहीत रे, फक्त ते एका रात्रीत उडवायचे नाहीत. तू विचारलंयस की फोंड्यात बसून नवीन इंडी म्युझिक, म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय बँड स्वतः काढतात ती गाणी, शोधायचं कुठे आणि एवढ्यात विकत काय येणार, तर मी कितीतरी वर्षं ह्याच बजेटात आहे, सांगतो.

शोधायला एक पैसा घालू नको. मी संध्याकाळी साडेसातनंतर केईएक्सपी लावतो, सियाटलचं रेडिओ स्टेशन, तेव्हा तिकडे सकाळ असते, आणि काय वाजतंय ते साइटवर नावासकट दिसतं. विचित्र काही हवं तर लंडनचा एनटीएस रेडिओ. आवडलं की नाव वहीत. हो वहीच, फोनमध्ये टिपलेलं मी परत उघडून बघत नाही.

मग बँडकॅम्प, बँड आपली गाणी थेट विकतात ती साइट. तिथे नुसता भटकू नको, रात्र संपते. अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांचे बारके बारके फोटो असतात, एकावर क्लिक केलंस की त्या माणसाचं सगळं कलेक्शन उघडतं. तुझ्या आवडीचे दोन-तीन अल्बम ज्याच्याकडे आहेत असा माणूस पकड आणि त्याच्याकडचं बाकीचं ऐक. अल्गोरिदम तुला कालचंच परत वाढतो, पण खिशातले पैसे काढून घेतलेलं कलेक्शन वेगळंच असतं. मी दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी नावाच्या बँडच्या एका गिऱ्हाइकाच्या मागे जाता जाता लाखा खानच्या सिंधी सारंगीपर्यंत पोचलो, आणि आमचे आजोबा, ज्यांना भजनापलीकडे काही चालत नाही, ते पण खुर्ची ओढून बसले.

आवडलं म्हणून लगेच घेऊ नको. विशलिस्टमध्ये टाक आणि महिनाभराने जे अजून तोंडात घोळतंय तेवढंच घे. माझे दहातले सात तरी असेच गळतात.

आणि शुक्रवार बघ. म्हापशाला जसा शुक्रवारचा बाजार तसा बँडकॅम्पचापण असतो, बँडकॅम्प फ्रायडे, फक्त दर आठवड्याला नाही, वर्षातले काही ठरलेले. 2020 च्या मार्चात कोविडने गिग, म्हणजे लाइव्ह कार्यक्रम, बंद पाडले तेव्हा सुरू झाला. एरवी डिजिटल विक्रीवर ते 15 टक्के कापतात, त्या दिवशी सोडतात. तुला स्वस्त पडत नाही हां, भाव तोच, जास्त पैसे बँडला जातात. अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर चालतो म्हणून आपल्याकडे दुपारी साडेबारा नाहीतर दीडला सुरू होतो, म्हणजे बाजार करून, हुमण-भात जेवून आरामात बसता येतं.

पाच डॉलरचा अल्बम म्हणजे चारशेच्या वर गेलाच, त्यात बँक परदेशी चलनाचे वेगळे कापते, तेव्हा महिन्याला एक धर. माझं कार्ड सुरुवातीला तीनदा नाकारलं, मी साइटला शिव्या घालत बसलो आणि निघालं काय तर कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार बंद, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. किंमत तुम्हीच ठरवा म्हणणारेपण बरेच असतात, तिथे कधी कधी शून्यपण चालतं पण शंभर तरी टाक रे बाबा.

एखाद्या महिन्यात काहीच भावलं नाही तर पैसे डिसेंबरला ठेव. तेव्हा इकडे गिगच गिग, बँडच्या टेबलावरून सीडी नाहीतर टीशर्ट घेतलास आणि यूपीआय केलंस की मध्ये कापणारा कोणी नाही. आपल्या गोव्याचा गायक रेमो फर्नांडिस, त्याने 1984 त शिवोलीच्या घरात चार ट्रॅकवर रेकॉर्ड करून कॅसेटी स्कूटरवरून स्वतः दुकानांत पोचवल्या होत्या, तोच धंदा हा.

तुला गिटारवालं आवडतं की इलेक्ट्रॉनिक ते सांग, वहीतली दहा नावं काढून देतो.