वाचकांचे प्रश्न : ओटा, चूल आणि गॅस

प्रश्न : नव्या घरात गॅस आणि चूल दोन्ही हवे आहेत. ओटा किती उंच ठेवावा?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ओट्याची उंची मिस्त्रीच्या सवयीने नव्हे, तर रोज स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरावरून ठरवावी, कोपराच्या चार इंच खाली, म्हणजे बहुधा ३२ ते ३४ इंच. (घरातील बाईला हे कुणी विचारतच नाही!) चूल मात्र मागच्या उघड्या पडवीतच बरी, कारण खिडकी असली तरी धूर खोलीत कोंडतो. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरजवळ भिंतीच्या तळाशी बाहेर उघडणारा जाळीचा झरोका ठेवावा. आपल्याकडचा उन्हाळा पाहता ओट्यासाठी पश्चिमेची भिंत टाळावी.