रजिस्टरातलं नाव

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज मी दोनदा वाचला. घाईत उत्तर द्यावंसं वाटेना, म्हणून पत्र लिहायला बसलो. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीचा फॉर्म भरावा की नाही, हे तू विचारलंसच. पण तुझा खरा प्रश्न पुढच्या ओळीत आहे: ‘आता प्रत्येकाच्या फोनमध्ये दहा उत्तम उपदेशक असतात, मग मंडळीला पाळक कशाला हवा?’

उपदेशापुरतं तुझं बरोबर आहे. 2020 च्या टाळेबंदीत आम्हीही मोबाइल उभा करून उपासना घेतल्या. लोकांना ती सवय लागली आणि त्यात वाईट काही नाही. आजारी माणसाला घरबसल्या वचन ऐकायला मिळतं. पण पाळकाचं काम उपदेशापाशी संपत असतं, तर मी तुला दुसरी नोकरी बघ म्हणालो असतो.

माझी पहिली नेमणूक नगर जिल्ह्यात, पाथर्डीच्या बाजूच्या खेड्यांत होती. दिवाळी सरली की निम्मी मंडळी ऊसतोडीला निघून जायची. मजुरीची उचल आधीच घेतलेली असे, थांबण्याचा प्रश्नच नव्हता. नाताळात चर्चमध्ये उरत म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली शाळेतली पोरं. पहिल्या वर्षी मी तेवढ्यांचाच नाताळ केला आणि समाधानानं झोपलो. उन्हाळ्याच्या तोंडाला टोळ्या परत आल्या, तेव्हा एका बाईनं सरळ विचारलं, ‘पाळकसाहेब, आमचा नाताळ कुठं झाला?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रभुभोजनाचं सामान, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, मोटारसायकलला बांधलं आणि कारखान्याच्या तळावर गेलो. तोडणीवाल्यांच्या हजार कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, आपली माणसं शोधायची तर मुकादमाचं नाव विचारत फिरावं लागतं. दिवसभर कोयता चाललेला, त्यामुळे उपासना रात्रीच. दुसरं भजन चालू असताना ट्रक आला आणि पुरुष ऊस भरायला उठून गेले. बायका म्हणाल्या, थांबू. थांबलो. ते परतल्यावर भाकर मोडली, तेव्हा दीड वाजला होता. त्या रात्री मी काय बोललो ते आठवत नाही. आठवतं ते एक लेकरू, तिथंच कोपीत जन्मलेलं, तीन आठवड्यांचं. त्याच्या आईनं मला त्याचं नाव सांगितलं आणि म्हणाली, ‘वहीत लिवून ठेवा, इथं कुणी लिवत न्हाई.’

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना ज्याच्या त्याच्या नावानं हाक मारतो, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. मी त्यावर अनेकदा बोललो होतो. मला ते कळलं त्या रात्री.

आता नावाचाच एक अवघड भाग सांगतो. हा तुला सेमिनरीत ग्रीक-हिब्रूइतका तपशिलानं शिकवतीलच असं नाही. अमेरिकन मराठी मिशन या धर्मप्रचारक संस्थेचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये अहमदनगरला. या भागात आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज महार-मांग वस्त्यांतून प्रभूकडे आले. मग 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. धर्म बदलला म्हणून गावानं त्यांना आपली विहीर खुली केली नव्हती, पण कागदावर त्यांची जात संपली आणि तिच्या सवलतीही. म्हणून कितीतरी घरांत दाखल्यावर एक आणि अंतःकरणात दुसरं, असं चालत आलंय.

एक मुलगा माझ्याकडे आला होता. म्हणाला, ‘बाप्तिस्मा द्या, पण चर्चच्या रजिस्टरात नाव लिहू नका. शिष्यवृत्ती जाईल.’ मी तेव्हा तरुण होतो, ताठ होतो. पुढच्या रविवारी पेत्र या शिष्यानं प्रभूला तीनदा नाकारलं त्यावर उपदेश केला. मुलाचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. त्या घराचं चर्चला येणं बंद झालं. खोटं लिही असं मी कुणाला सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. पण कायद्यानं एका पोराच्या खांद्यावर जे ओझं ठेवलं, त्यात मी व्यासपीठावरून भर घातली. त्याच्या घरी जाऊन, जमिनीवर बसून, त्याच्या आईसमोर बोलायला हवं होतं. पेत्रानं नाकारल्यानंतरही प्रभूनं त्याला किनाऱ्यावर आधी जेवू घातलं, मग विचारलं, तू माझ्यावर प्रीती करतोस काय. मी तो भाग वाचायचा विसरलो होतो.

तुला इतरही कामं पडतील. मिशनच्या जुन्या जमिनी, भाडेकरू, कोर्टाच्या तारखा, कमिटीतली भांडणं. हिशेब चोख ठेव, दोन माणसांसमोर दानार्पण मोज, आणि जमिनीच्या वादात पाळकाचं आयुष्य जाऊ देऊ नकोस. तू मुलगी, म्हणून बाई पाळक कशी चालेल, असं म्हणणारेही भेटतील. आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, हे त्यांना शांतपणे सांग आणि कामाला लाग. आजारी बाईच्या खोलीत तू जिथवर जाशील, तिथवर मी कधीच जाऊ शकलो नाही.

भाषेची मात्र मला खरोखर काळजी वाटते. कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी मंडळीला अभंगाच्या, ओवीच्या वळणाची भजनं दिली. नाहीतर परदेशी चालींवर ओढूनताणून बसवलेले शब्द गात आपण किती वर्षं काढली असती! आज पुण्यातली आपली मुलं तीच भजनं पडद्यावर इंग्रजी अक्षरांत वाचून गातात. त्यांना रागावू नकोस. संडेस्कूलनंतर अर्धा तास देवनागरी शिकव. मृत्युशय्येवरच्या आजीला नातवानं भजन म्हणून दाखवायचं असेल, तर त्याला त्याचा अर्थ कळायला हवा.

फॉर्मची तारीख जवळ आलीय, माहीत आहे. त्याआधी एक काम कर. तुझ्या आजोळच्या गावी चर्चच्या मागच्या गल्लीत एक आजी एकटी राहते. मुलं पिंपरीला असतात. शनिवारी दुपारी तिच्याकडे जा. सोबत बायबल ने, पण लगेच उघडू नकोस. दार आतून लावलेलं असतं आणि तिला कमी ऐकू येतं. कडी वाजवून उपयोग नाही, नाव घेऊन मोठ्यानं हाक मार.

प्रभूमध्ये तुझा,
काका