चिनी सहकाऱ्याच्या लग्नाचं आमंत्रण आलंय (शांघाय). आहेर काय न्यावा आणि तिथे नेमकं काय असतं?

वस्तू नेऊ नका, रोख द्या. लाल पाकिटात, ज्याला तिकडे होंगबाव म्हणतात. आपली ५०१, १००१ ची सवय मात्र इथेच ठेवून जा. तिकडे शुभकार्याला सम आकडे चालतात, विषम रक्कम अंत्यविधीची. ४ चा आकडा टाळा, ६ आणि ८ उत्तम. म्हणजे ६०० किंवा ८०० युआन चालतील. नेमकं किती, ते ऑफिसमधल्या इतरांना विचारून ठरवा, कारण शहर आणि ओळख यावर ते बदलतं. नोटा शक्यतो कोऱ्या. पाकीट पांढरं अजिबात नको, आणि घड्याळ तर चुकूनही भेट देऊ नका. दाराशी टेबल मांडून कुणीतरी नाव आणि रक्कम वहीत लिहून घेतं. आपल्याकडच्या आहेराच्या यादीसारखंच, त्यामुळे संकोच नको.

कपडे कुठलेही चालतील, फक्त लाल आणि पांढरा सोडून. ते नवरीचे रंग.

सकाळी नवरीच्या घरी बोलावलं असेल तर नक्की जा, खरी मजा तिथेच. मैत्रिणी दार अडवतात, नवऱ्याकडून गाणी म्हणवून घेतात, दाराच्या फटीतून होंगबाव सरकवायला लावतात. नवरीचा जोडा कुठेतरी लपवलेला असतो, तो शोधल्याशिवाय तिला नेता येत नाही. (आपल्याकडे जोडे नवऱ्याचे पळवतात!) मग दोघं वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी चहा देतात, वडीलधारे पाकीट किंवा सोनं देतात.

जेवताना नवराबायको टेबलाटेबलावर प्याला घेऊन येतात, तेव्हा उभं राहायचं. दारू घेत नसाल तर चहा किंवा ज्यूसचा प्याला उचला.