कथासंग्रह ऑडिओबुकवर ऐकताना सगळ्या गोष्टींची खिचडी होते, कादंबरीचं असं होत नाही. असं का आणि काय करावं?

माझंही अगदी हेच व्हायचं. एकदा भांडी घासता घासता ऐकत होतो, गोष्टीतला म्हातारा शेवटी दार न उघडताच परत फिरतो, मी हातात घासणी घेऊन तसाच उभा, आणि दोन सेकंदांत त्याच आवाजात पुढच्या कथेचं नाव आलं नि गोष्ट सुरूपण झाली. हात साबणाचे, पॉज कसा करणार? भांडी आवरेपर्यंत म्हातारा डोक्यातून गेला तो गेलाच. पुस्तकात निदान पान उलटायला लागतं, उरलेली कोरी जागा दिसते, इथे ते काहीच नाही.

तेव्हापासून मी स्लीप टायमर (झोपताना ऐकणं आपोआप बंद व्हावं म्हणून ॲपमध्ये असतो तो) दिवसा वापरतो. बऱ्याच ॲपमध्ये ‘चॅप्टर संपेपर्यंत’ असा पर्याय असतो, तो लावायचा, गोष्ट संपली की आपोआप शांत. फक्त आधी बघून घ्या, काही संग्रहांत एकाच चॅप्टरमध्ये दोन कथा कोंबलेल्या असतात किंवा एक कथा दोनात तोडलेली असते, मग टायमरचा काही उपयोग नाही.

वेळेचा अंदाज पण घ्या. वाचणारा मिनिटाला साधारण १५० शब्द वाचतो, म्हणजे ४००० शब्दांची कथा २५-२७ मिनिटांची झाली. अमेरिकन कथालेखक एडगर ॲलन पोने १८४२ मध्येच लिहून ठेवलंय की कथा एका बैठकीत, अर्ध्या तासापासून एकदोन तासांत संपावी. त्यामुळे दहा मिनिटंच हाताशी असतील तर मी नवीन कथा लावतच नाही, अर्धवट सोडलेली कथा दुसऱ्या दिवशी शिळी लागते (कादंबरीला चालतं, तिथली माणसं ओळखीची झालेली असतात).

आणि हो, पहिली दोन मिनिटं! दर कथेत नवी नावं, नवं घर, आणि आपण अजून मागच्याच गोष्टीत. मी सरळ मागे जाऊन सुरुवात पुन्हा ऐकतो, त्यात लाज कसली.

स्पीड १.२५ च्या वर नेऊ नका, कादंबरी दीडवर चालून जाते पण कथेत वाचणारा जिथे थांबतो तिथेच अर्धं काम झालेलं असतं. काही ॲप मधली शांतता कापून टाकतात, ते सेटिंग आधी बंद करा.

पैसे न घालता करून बघायचं असेल तर लिब्रिव्हॉक्स या वेबसाइटवर २००५ पासून स्वयंसेवकांनी वाचलेली कॉपीराइट संपलेली पुस्तकं फुकट आहेत, इंग्रजी कथा तर ढीगभर. तिथल्या बऱ्याच संग्रहांत प्रत्येक कथेला वेगळा आवाज असतो, काही आवाज कंटाळवाणे निघतात पण खिचडी मात्र होत नाही.