स्टॅम्प संपायच्या आत घरी जाऊन ये

मिलिंद, तू विचारलंस की अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष बदलला की व्हिसावर आलेल्या माणसाचं काय होतं, आणि न्यू जर्सीला येताना काय तयारी करावी. मी २००० च्या ऑगस्टमध्ये एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, इथे एडिसनला आले. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या ५३७ मतांच्या फरकाने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जॉर्ज बुश निवडून आले. त्यांची आठही वर्षं मी इथे काढली. राष्ट्राध्यक्ष जातो, पण भीतीच्या दिवसांत झालेले नियम मागे राहतात, हे मी त्या आठ वर्षांत शिकले.

११ सप्टेंबर २००१ ला आमच्या जर्सी सिटीच्या ऑफिसातून हडसन नदीपलीकडचा, न्यूयॉर्कमधला धूर दिसत होता. चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोधींना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळी घातली गेली. पगडी बघून मारणाऱ्याने त्यांना अरब ठरवलं होतं. ते खरंच अरब असते तरी तो खूनच होता. आमच्या ऑफिसातले सरदारजी पुढच्या आठवड्यात कोटावर अमेरिकेच्या झेंड्याची पिन लावून आले. ती पिन ते सारखी चाचपून बघत होते, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

ऑक्टोबरात सरकारला पाळत ठेवायचे जादा अधिकार देणारा पेट्रियट कायदा आला. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला. ज्या महासंहारक अस्त्रांचं कारण दिलं होतं ती सापडलीच नाहीत, आणि माणसं मात्र वर्षानुवर्षं मरत राहिली. मला त्या युद्धाबद्दल तेव्हाही राग होता, आजही आहे. त्याच महिन्यात इमिग्रेशनचं जुनं खातं मोडून त्याचं काम नव्या होमलँड सिक्युरिटी, म्हणजे अंतर्गत सुरक्षेच्या, खात्याकडे गेलं. तू ज्या कचेऱ्यांना अर्ज करशील त्या तेव्हाच्याच. विमानतळावर बोटांचे ठसे देशील, तेही जानेवारी २००४ पासूनचे.

आता स्टॅम्पचं, म्हणजे पासपोर्टातल्या व्हिसाच्या शिक्क्याचं, नीट वाच. आधी व्हिसा संपला की पासपोर्ट टपालाने अमेरिकेतच परराष्ट्र खात्याकडे पाठवायचा आणि नवा स्टॅम्प घेऊन तो परत यायचा. व्हिसासाठी ठसे सक्तीचे झाले आणि जुलै २००४ मध्ये ही सोय बंद पडली. २०२४ च्या सुरुवातीला काही महिने प्रयोग म्हणून ती थोड्या लोकांना मिळाली, तेवढंच. माझं एक्स्टेन्शन, म्हणजे इथे राहण्याची मुदतवाढ, मंजूर होतं, पण पासपोर्टातला स्टॅम्प संपलेला. २००५ च्या फेब्रुवारीत सांगलीला बाबांचं बायपास ठरलं. गेले असते तर नवा स्टॅम्प मिळेपर्यंत तिकडेच अडकले असते, आणि नोकरीवरच सगळं घर चालत होतं. मी गेले नाही. भाऊ फोन बाबांच्या कानाशी धरायचा आणि मला फक्त त्यांचा श्वास ऐकू यायचा. बाबा बरे झाले. पण ते चार दिवस काही केल्या मनातून जात नाहीत.

म्हणून सांगते, स्टॅम्प आत येण्यासाठी असतो आणि आय-९४ वरची, म्हणजे विमानतळावर होणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवरची, तारीख राहण्यासाठी. दोन्ही तारखा एका वहीत लिहून ठेव. विमानतळावरून घरी पोचलास की त्याच दिवशी आय-९४ ऑनलाइन तपास, चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घे. घर बदललंस तर दहा दिवसांत नवा पत्ता इमिग्रेशनला कळव. हा नियम फार जुना, पण २००१ नंतर त्याकडे काटेकोरपणे बघू लागले. पगाराच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून जपून ठेव.

बुश यांच्या काळातली एक गोष्ट मात्र गोड होती. २००६ च्या मार्चमध्ये ते दिल्लीला येऊन गेले, तेव्हा आपल्या आंब्याला इथे येऊ द्यायचं ठरलं, आणि २००७ मध्ये लासलगावला विकिरण केलेला, म्हणजे कीड जावी म्हणून किरणांचा मारा केलेला, आपला हापूस इथे आला. एवढ्या वर्षांनी पेटी उघडल्यावर मी आधी नुसता वास घेत बसले होते.

काका-काकूंची तब्येत आता कशी आहे ते कळव. कंपनीने जॉइनिंगची तारीख दिली की पहिली भारतवारी कधी करायची ते आपण फोनवर ठरवू.