जॅझचे तुमचे आवडते अल्बम कोणते? आणि वेगवेगळ्या प्रदेशांतल्या जॅझमध्ये नेमका काय फरक असतो?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो. हे अल्बम मला का आवडतात हे सांगताना तो फरकही आपोआप येईल.

जॅझच्या शैली समजावताना आपल्याकडे लगेच घराण्यांचा दाखला देतात. मला तो पुरेसा वाटत नाही. घराणं गुरूकडून शिष्याकडे येतं. जॅझचा प्रादेशिक रंग मात्र त्या शहरात कुठे, किती वेळ आणि कोणासाठी वाजवावं लागायचं, यातून जास्त आला आहे.

कॅन्सस सिटीचं बघा. अमेरिकेत दारूबंदी होती, पण टॉम पेंडरगास्ट या स्थानिक पुढाऱ्याची तिथल्या राजकारणावर पकड असल्यामुळे क्लब बिनधास्त चालायचे, तेही रात्रभर. लोक नाचायला यायचे आणि वादकांना तासन् तास वाजवावं लागायचं. मग कागदावर लिहिलेलं संगीत कुठवर पुरणार? एकाने छोटीशी सुरावट धरायची, बाकीच्यांनी ती उचलायची, आणि त्या पुनरावृत्तीवर एकेकाने उठून सोलो वाजवायचा. या सुरावटीला रिफ म्हणतात. काउंट बेसीच्या बँडची 1937 ते 1939 मधली डेक्का कंपनीची रेकॉर्डिंग्ज एकत्र मिळतात, ती घ्या. ‘वन ओ’क्लॉक जम्प’ लावा आणि पहिल्यांदा ट्रम्पेट-सॅक्सोफोनकडे लक्षच देऊ नका. वॉल्टर पेजचा बेस चारही मात्रा सारख्या चालवतो. जो जोन्स ठेका पायाच्या जड ड्रमवर न धरता हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांवर धरतो. त्यामुळे एवढा मोठा बँड असूनही कुठे धापा टाकत नाही. स्विंग म्हणजे काय, हे मला व्याख्या वाचून कधी कळलं नव्हतं. इथे कळलं.

ईस्ट कोस्टसाठी, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी, ड्रमवादक आर्ट ब्लेकीचा ‘मोनिन’’ (1958). शीर्षक-धून पियानोवादक बॉबी टिमन्सची. पियानो एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोन स्वरांत ‘आमेन’ म्हणावं तसं उत्तर देतात. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली ही सवाल-जवाबाची रीत. याला सर्रास न्यूयॉर्कचा आवाज म्हणतात, पण बँडमधले टिमन्स, ली मॉर्गन, बेनी गोल्सन आणि जिमी मेरिट हे चौघेही फिलाडेल्फियाचे, ब्लेकी पिट्सबर्गचा, आणि रेकॉर्डिंग झालं न्यू जर्सीत. शहराच्या लेबलावर फार विसंबू नका म्हणतो ते यासाठी. लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ या बँडच्या तबकड्या न्यू ऑर्लिन्सच्या संगीताचा मानदंड मानल्या जातात, त्याही 1925 पासून शिकागोत ध्वनिमुद्रित झाल्या.

माझा सगळ्यात लाडका अल्बम म्हणजे ‘आर्ट पेपर मीट्स द ऱ्हिदम सेक्शन’ (1957). लॉस एंजेलिसच्या बऱ्याच वादकांना हॉलिवूडच्या स्टुडिओंत काम असायचं. तिथे नोटेशन वाचण्याची सफाई आणि नेटकी बांधणी लागायची. ती सफाई आणि हलका, मोकळा स्वर वेस्ट कोस्टच्या, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या, जॅझमध्ये भरपूर ऐकू येतो, कधीकधी जरा जास्तच गुळगुळीत होऊन. सॅक्सोफोनवादक पेपर कॅलिफोर्नियाचाच. त्याच्या मागे मात्र माइल्स डेव्हिसच्या तेव्हाच्या बँडमधले तिघे आहेत: पियानोवर रेड गार्लंड, बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रमवर फिली जो जोन्स (बेसीच्या बँडमधला जो जोन्स वेगळा). ते त्याला गुळगुळीत राहूच देत नाहीत. ‘स्ट्रेट लाइफ’मध्ये ड्रम मागून रेटत राहतात आणि पेपरचा आल्टो सॅक्सोफोन त्या घाईतही प्रत्येक स्वर स्वच्छ लावतो, पण त्या स्वरात आता धार आलेली असते. दोन किनाऱ्यांमधला फरक एकाच तबकडीत ऐकायचा असेल तर ही ऐका.

अमेरिकेबाहेरचे दोन सांगतो. स्वीडनच्या यान योहान्सनचा ‘याझ पो स्वेन्स्का’ (1964): फक्त पियानो आणि बेस, सगळी स्वीडिश लोकगीतं. तो सुरांमध्ये इतकी जागा सोडतो की एकेक स्वर विझेपर्यंत ऐकू येतो. आणि दक्षिण आफ्रिकेच्या अब्दुल्ला इब्राहिमचं ‘मॅननबर्ग’ (1974). केपटाऊनमध्ये वंशभेदी कायद्याने घरांतून हुसकावलेल्या लोकांना जिथे नेऊन टाकलं, त्यातल्या एका वस्तीचं हे नाव. तेरा मिनिटांहून जास्त चालणारी ही धून मोजक्याच कॉर्ड्सच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या, आवर्तनावर फिरते. मराबी या तिथल्या जुन्या नाचाच्या संगीताची ही पद्धत. बेझिल कुट्झीचा सॅक्सोफोन त्यात भरल्या गळ्याने बोलतो. वर्णद्वेषविरोधी लढ्यात लोकांनी ही धून आपलं गीत म्हणून उचलली, यात मला काहीच नवल वाटत नाही.

मुंबईत जॅझ नव्हता का, असं कोणी विचारेलच. होता, आणि 1930 च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जोरात होता. पुढे गोव्याच्या वादकांनी तो सांभाळला. त्यांच्या स्वतःच्या जॅझच्या तबकड्या फार थोड्या निघाल्या, कारण पोटापाण्याचं काम सिनेमात होतं. म्हणून त्यांना शोधायचं तर सिनेमातच शोधावं लागतं. सी. रामचंद्रांचा ‘अलबेला’ (1951) पुन्हा ऐका, यावेळी गायकांकडे नाही तर ट्रम्पेटकडे कान देऊन. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ, हे रामचंद्रांचे साथीदार होते. कोकणी समजत असेल तर गोव्याचे संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांची गाणीही घ्या.

सुरुवात बेसीपासून करा आणि पेपर त्याच्या पाठोपाठ लगेच लावा.